बॅग दरवेळी डावीकडंच का कलते? लांबच्या ग्रुप राईडमधला सामानाचा त्रास आणि त्यावरचा उपाय

लक्षण आधी सांगतो, म्हणजे हा त्रास तुमचाच आहे का ते लगेच कळेल.

सकाळी घरून निघताना मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या सॅडल बॅगा सारख्या उंचीवर, शीटवरची बॅग सरळ, पट्टे ताणलेले. शे-सव्वाशे किलोमीटर झाले की मागचा गाडीवाला हॉर्न देतो आणि हातानं खूण करतो. थांबून बघावं तर डावी बॅग चार बोटं खाली उतरलेली, उजवी तेवढीच वर चढलेली, शीटवरची बॅग डाव्या अंगाला कललेली. सगळं सोडायचं, पुन्हा बांधायचं. पुढच्या शंभर किलोमीटरवर पुन्हा तेच, आणि दरवेळी डावीकडंच.

मला पहिल्यांदा हा त्रास झाला तो नळदुर्गच्या राईडला. सप्टेंबर होता, बोरी नदीला पाणी होतं, पाणीमहालावरून पडणारे नर-मादी धबधबे बघायचे म्हणून आम्ही संभाजीनगरहून बीड, येरमाळा, तुळजापूर असे निघालो होतो. चौसाळ्याच्या पुढं एकदा बॅग नीट केली. तुळजापूरच्या अलीकडं पुन्हा थांबलो तेव्हा डाव्या बॅगेचा खालचा कोपरा साडी गार्डच्या मागून आत शिरून टायरला घासत होता. कापडाला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं आणि आतल्या पंच्याचं काळं झालेलं टोक त्यातून बाहेर लोंबत होतं. ते टोक वीतभर आणखी निघालं असतं तर चाकात गुंडाळलं गेलं असतं. सत्तरच्या वेगात मागचं चाक जागीच अडकलं तर काय होतं, हे सांगायची गरज नाही. त्या दिवसापासून मी सामान बांधण्याला ब्रेक तपासण्याइतकंच महत्त्व देतो.

ग्रुपमध्ये हा त्रास एकट्याचा राहत नाही. आम्ही अकरा गाड्या असतो. एकाची बॅग सुटली की अकराही थांबतात. काम दहा मिनिटांचं, पण थांबलंच आहे तर कुणी चहा सांगतो, कुणी घरी फोन लावतो, अर्धा तास जातो. असे चार थांबे झाले की दोन तास गेले. ते दोन तास मग संध्याकाळी अंधारात भरून काढावे लागतात. कारखान्यांचा हंगाम चालू असताना बीड, लातूर, परभणीकडच्या रस्त्यांवर अंधारात गाडी चालवणं म्हणजे मागं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं चालवणं. म्हणून या डावीकडं कलणाऱ्या बॅगेचा छडा लावायचाच, असं ठरवलं.

आधी ज्यांना दोष दिला

पहिला दोष बॅगेला. स्वस्तातली होती, पट्टे पातळ होते. दुप्पट किमतीची दुसरी घेतली. तीही डावीकडंच.

मग वजनाला. धान्याच्या दुकानात असतो तसला हूकचा काटा आणला आणि दोन्ही बॅगा टांगून मोजल्या. पहिल्या राईडला डावी-उजवीत पावणेदोन किलोचा फरक निघाला असता, हे तेव्हा कळलं, कारण हवेचा पंप आणि पाने एकाच बाजूला होते. पुढच्या राईडला दोन्हीकडं साडेचार-साडेचार किलो भरले. कलणं कमी झालं, थांबलं नाही.

मग रस्त्याला. आपण डाव्या बाजूनं चालतो, रस्त्याला पाणी वाहून जायला कडेकडं उतार असतो, त्यामुळं सामान हळूहळू डावीकडं सरकतं, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. ऐकायला पटतं, पण ते खरं नाही. चालती दुचाकी तोल धरून उभी असते. रस्त्याचा उतार टायरखाली राहतो, गाडी त्या उताराबरोबर कलत नाही. वळणावर गाडी झुकते तेव्हाही सामानाचा भार शीटमध्येच सरळ खाली जातो, म्हणून तर वळणावर मागं बसलेला माणूस बाजूला फेकला जात नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचं वजन सारखं असेल तर चालत्या गाडीवर सामानाला बाजूला ढकलणारं फारसं काही नसतं. खड्डे आणि स्पीडब्रेकर वर-खाली हिसके देतात, त्यानं पट्टे सैल होतात. पण सैल होणं वेगळं आणि एकाच बाजूला जाणं वेगळं. हे दोन प्रश्न मी बरेच दिवस एकच समजत होतो, म्हणून उत्तर सापडत नव्हतं.

खडूची रेघ

उत्तर सापडलं ते तीन ज्योतिर्लिंगांच्या राईडला. डिसेंबर होता. पहाटे वेरूळला घृष्णेश्वर, मग जालना, वाटूर फाटा, मंठा, जिंतूर करत मुक्कामाला औंढा नागनाथ. दुसऱ्या दिवशी परभणी, गंगाखेड, परळी वैजनाथ आणि मुक्काम अंबाजोगाई. तिसऱ्या दिवशी केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत घरी. सगळं मिळून सहाशे किलोमीटरच्या आसपास.

पहिल्या दिवशी औंढ्याला पोचेपर्यंत बॅग दोनदा बांधून झाली होती. आमच्यातला एक मित्र झेडपीच्या शाळेत शिक्षक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पट्टे ओढत बसलो होतो तेव्हा त्याच्या जॅकेटच्या खिशातून खडू निघाला. शीटचं रेक्झिन काळं, खडू पांढरा. सॅडल बॅगेचा मधला पट्टा शीटवर जिथं आडवा बसतो तिथं त्याच्या दोन्ही कडांना आम्ही रेघा मारल्या.

औंढ्याहून परभणी साधारण पन्नास किलोमीटर. मध्ये खड्डे होते, गावांतले स्पीडब्रेकर होते. परभणीत चहाला थांबलो. मी गाडीवरून उतरायच्या आधी त्याला म्हणालो, "सर, अगोदर रेघ बघा."

तो वाकून बघून म्हणाला, "दादा, रेघ जागच्या जागी हाय."

मी उतरलो. त्यानं पुन्हा बघितलं आणि मला हाक मारली. डावीकडची रेघ पट्ट्याखाली गेली होती, उजवीकडं रेघ आणि पट्टा यांच्यामध्ये बोटभर काळं रेक्झिन दिसत होतं. पन्नास किलोमीटरमध्ये जे झालं नव्हतं ते उतरण्याच्या दोन सेकंदांत झालं होतं.

पुढं परळीपर्यंत आम्ही दर थांब्याला रेघ बघितली. पोखर्णीला थांबलो, गंगाखेडला गोदावरीच्या पुलाअलीकडं थांबलो. दरवेळी तेच. चालताना रेघ हलत नाही, थांब्यावर हलते.

कारण नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. साईड स्टँड डावीकडं असतो. स्टँड लावला की गाडी डावीकडं झुकते आणि सामानाचा सगळा भार त्या बाजूला ओढू लागतो. उतरताना आपण उजवा पाय मागून फिरवून डावीकडं आणतो. मागं बॅगांचा ढीग असला की बूट त्याला उजवीकडून ठोकर देतो. म्हणजे झुकलेल्या गाडीवर, उताराच्या दिशेनंच ढकललं. पुन्हा बसताना तोच पाय डावीकडून उजवीकडं जातो आणि बॅगेला उलटी ठोकर देतो, पण ती चढाच्या दिशेनं. त्यामुळं सरकलेली बॅग पूर्ण जागेवर येत नाही. दर थांब्याला अर्धं-पाऊण बोट डावीकडंच शिल्लक राहतं. ग्रुप राईडमध्ये दिवसाला दहा-बारा थांबे सहज होतात. त्यातच डबल स्टँड लावताना मागचा हँडल बॅगेखाली झाकलेला असतो म्हणून आपण बॅगेचाच पट्टा धरून गाडी ओढतो, आणि ओढतो ती डाव्या बाजूला उभं राहून. आणि चहाच्या टपरीवर आपल्याच गाडीवर तिरके टेकून गप्पा मारतो ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी परळीत मी मुद्दाम उलटं करून बघितलं. गाडी भिंतीला लावून सरळ उभी ठेवली, पाय मागून न फिरवता गुडघा छातीपाशी घेऊन टाकी आणि बॅग यांच्यामधून काढला. असं पाच वेळा चढलो-उतरलो. रेघ हलली नाही.

मग बांधायचं कसं

सगळ्यात जास्त फरक पडला तो सायकलच्या जुन्या ट्यूबनं. पंक्चरच्या दुकानात टाकून दिलेली ट्यूब मिळते. ती उभी कापून उघडायची, साबणानं धुवायची, आतली पांढरी भुकटी पूर्ण जाऊ द्यायची. तिचे शीटच्या रुंदीचे दोन तुकडे सॅडल बॅगेच्या मधल्या पट्ट्याखाली आडवे टाकायचे. रेक्झिनवर नायलॉन घसरतं, रबरावर घसरत नाही. माझ्या गाडीवर हा तुकडा टाकल्यानंतर बुटाची ठोकर लागली तरी बॅग हलून पुन्हा जागेवर येते.

मधला पट्टा शीटवरून न नेता शीट काढून शीटखालून न्यायचा. पुष्कळ गाड्यांची शीट चावीनं किंवा दोन बोल्टनं निघते. पट्टा शीटखाली दाबला गेला की वरचं सरकणं तिथंच संपतं. फक्त बॅटरीचं टर्मिनल आणि वायरिंग पट्ट्याखाली चेपत नाही ना, ते बघा. काही गाड्यांना खाली पट्टा आला की शीट नीट बसत नाही, तिथं पट्टा वरून न्या आणि ट्यूब टाका.

दुसरी गोष्ट खालच्या बांधणीची. बहुतेक जण बॅग वरून टांगतात आणि खालून मोकळी सोडतात. टांगलेली बॅग घंटेसारखी हलते. प्रत्येक बॅगेला खालून दोन ओढ हव्यात, एक पुढं मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटकडं आणि एक मागं, मडगार्डजवळच्या फ्रेमकडं. फूटरेस्टच्या दांडीला बांधू नका, ती घडी होते आणि पट्टा निसटतो. ब्रॅकेटलाच बांधा. इंडिकेटरच्या दांडीला तर अजिबात नाही, ती प्लास्टिकची असते आणि एका खड्ड्यात मोडते.

पट्टे कॅम बकलचे घ्या, म्हणजे दात असलेली टिकली दाबून ओढायची आणि सोडली की जागेवर धरते, तसले. बंजी, म्हणजे टोकांना आकडे असलेली रबरी दोरी, मी मुख्य बांधणीला वापरणं सोडलं. ती ताणली जाते म्हणून पटकन लागते, पण खड्ड्यात ती पुन्हा ताणली जाते आणि तेवढ्यात बॅग उचलली जाते. शिवाय तिचा लोखंडी आकडा हातातून निसटला तर थेट डोळ्याकडं येतो. लावताना चेहरा बाजूला ठेवा. थंडीचा कोट किंवा ओला टॉवेल वरून दाबून ठेवायला बंजी चांगली.

आणि पट्ट्यांची शेपटं! बांधून उरलेलं टोक वाऱ्यावर फडफडत सोडू नका. आमच्यातल्या एकाचं टोक केजजवळ उघड्या चेनमध्ये गेलं. स्प्रॉकेटवर एक वेढा बसला आणि त्याला गाडी कडेला घ्यायला कशीबशी सवड मिळाली. चाकूनं कापून काढायला चाळीस मिनिटं लागली. टोक गुंडाळून त्यावर ट्यूबचं कापलेलं कडं चढवा किंवा इन्सुलेशन टेपचा वेढा द्या.

बांधून झालं की पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा थांबा, जरूर थांबा. आतले कपडे दबतात, बॅगेची जाडी कमी होते, पट्टा सैल पडतो. एकदा पुन्हा ओढला की दिवसभर टिकतो. आम्ही आता संभाजीनगरहून बीडकडं निघालो की आडूळच्या अलीकडं पाच मिनिटांचा थांबा फक्त पट्ट्यांसाठी ठेवतो, तिथं चहा नाही.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट आमच्याकडं होते. पहाटे हुडहुडी भरते म्हणून अंगावर स्वेटर, त्यावर जॅकेट, मफलर. दहा वाजता ऊन चढलं की सगळं अंगावरून निघतं आणि आधीच गच्च भरलेल्या बॅगेत कोंबलं जातं. चेन पूर्ण लागत नाही, पट्टे वेगळ्या जागी येतात, सकाळची सगळी बांधणी वाया जाते. म्हणून सकाळी निघताना वरच्या बॅगेत एका स्वेटरची जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा ठेवणं हेही पॅकिंगच आहे.

बॅग घेताना

दुकानात किती लिटरची हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो. मी म्हणेन, आधी गाडीचं पुस्तक उघडा. माझ्या जुन्या १०० सीसीच्या गाडीच्या पुस्तकात एकूण भार १३० किलो लिहिला होता. चालवणारा ७५ किलोचा आणि मागचा ६० किलोचा धरला तर सामान बांधायच्या आधीच १३५ होतात. अशा गाडीवर दोघं जात असाल तर मोठी बॅग घेणं म्हणजे चुकीच्या प्रश्नाचं उत्तर विकत घेणं. एकट्यानं जाणाऱ्याला तीन दिवसांसाठी आठ ते दहा किलो सामान पुष्कळ होतं. दोन टीशर्ट, एक पँट, आतले कपडे, चप्पल, पंचा. टर्किश टॉवेल घरी ठेवा, तो भिजला की दिवसभर वाळत नाही, पंचा हँडलवर बांधला तर अर्ध्या तासात वाळतो.

सॅडल बॅगांची जोडी दोन्ही मिळून चाळीस-पन्नास लिटरची असली की एकट्याला भरपूर. बघायचं ते हे: मागचा भाग जिथं गाडीला टेकतो तिथं आत कडक पत्रा किंवा जाड फोम आहे का, कारण मऊ बॅग भरली की आत फुगते आणि टायरकडं जाते. डाव्या अंगाला साडी गार्ड बॅग अडवतो, उजव्या अंगाला सायलेन्सर असतो. म्हणून सॅडल स्टे, म्हणजे बॅगेला गाडीपासून दूर धरणारी चौकट, बसवून घ्या, नळीची साधी लोखंडी. आमच्याकडं वेल्डिंगवाले गाडी बघून करून देतात, पण त्यांच्याकडून करून घेताना बॅग सोबत न्या. उजवी बॅग पूर्ण भरून, वरून हातानं जोरात दाबून बघा, तरीही सायलेन्सरपासून चार बोटं अंतर राहिलं पाहिजे. दुकानात रिकामी टांगून राहतं ते अंतर पहिल्याच खड्ड्यात संपतं.

रुंदी हँडलच्या बाहेर जाता कामा नये. उसाच्या ट्रॉलीशेजारून जाताना आपला अंदाज हँडलवरून असतो. हँडल निघालं म्हणजे आपण निघालो, असं डोकं समजतं. घराच्या फाटकातून भरलेली गाडी काढून बघा, लगेच कळतं.

मागं बसणारी व्यक्ती एका बाजूला पाय सोडून बसणार असेल तर सॅडल बॅग घेऊच नका, डाव्या बॅगेवर पाय येतात. लांबच्या राईडला दोन्हीकडं पाय टाकून बसणंच सुरक्षित, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवंच. तसं बसायचं नसेल तर फक्त मागची बॅग आणि टाकीवरची बॅग वापरा. टाकीवरची बॅग चुंबकाची असेल तर टाकी लोखंडी आहे का ते आधी बघा, प्लास्टिकच्या आवरणावर ती चिकटत नाही. आणि हँडल पूर्ण दोन्हीकडं वळवून हॉर्न दाबला जात नाही ना, तेही बघा.

वजन कुठं ठेवायचं याचं एकच सूत्र माझ्या कामी आलं: जड ते खाली आणि आपल्या पाठीजवळ. पाने, पंप, ट्यूब हे सॅडल बॅगेच्या तळाला आणि पुढच्या कोपऱ्यात. मागच्या चाकाच्या आसाच्या मागं जड सामान गेलं की पुढचं चाक हलकं होतं, ऐंशीच्या पुढं हँडल थरथरू लागतं. माझ्या मेहुण्याची गाडी परळीहून अंबाजोगाईकडं चढताना अशीच थरथरत होती. त्याला वाटलं बेअरिंग गेलं. मागच्या बॅगेतल्या पाण्याच्या चार बाटल्या काढून बाकीच्यांना वाटल्या आणि थरथर गेली. पाणी लिटरला किलो भरतं, आणि तालुक्याच्या गावोगाव मिळतं. एक-दोन लिटर पुरे.

मागच्या टायरची हवा लादलेल्या गाडीला जास्त लागते. किती, ते चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरवर छापलेलं असतं. शॉकअप एक-दोन खाचा वर घ्या. मग हेडलाईट वर झाला का तेही बघा, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

ग्रुपचं सामान

आमच्या पहिल्या राईडला अकरा जणांकडं मिळून सहा पंप होते आणि १८ इंची ट्यूब एकाकडंही नव्हती. पंक्चर नेमकी तीच झाली.

आता आठवडाभर आधी सगळ्या गाड्यांची यादी करतो. स्प्लेंडरला १८ इंची चाकं, पल्सर १५० ला १७, क्लासिक ३५० ला पुढं १९ आणि मागं १८. ट्यूबलेस कुणाची, ट्यूबवाली कुणाची. त्यावरून ठरतं कोणत्या ट्यूबा घ्यायच्या. ट्यूबलेसचा सुया-दोऱ्यांचा संच एकच पुरतो. प्लग पाना आणि चाकाच्या नटाचा पाना गाडीगणिक वेगळा असतो, सारख्या गाड्या असलेल्यांनी मिळून एकच न्यावा. क्लच वायर मात्र ज्याची त्यानं.

हे सगळं सर्वात शेवटच्या गाडीवर ठेवतो. मोडलेली गाडी नेहमी त्याच्या पुढं असते, तो येऊन पोचतोच. पुढच्या गाडीवर हत्यारं असली तर त्याला दहा किलोमीटर मागं बोलवावं लागतं. प्रथमोपचाराची पेटी मात्र दोन, एक शेवटी आणि एक मध्ये. शेवटच्या गाडीचं स्वतःचं सामान मग आम्ही बाकीच्यांत वाटून घेतो, त्याच्या गाडीवर दोन्ही ओझी देत नाही.

बाटलीत पेट्रोल कुणीही बांधून आणायचं नाही, हा नियम आम्ही कडक पाळतो. सायलेन्सरच्या वर टांगलेली पेट्रोलची बाटली म्हणजे साऱ्या ग्रुपच्या जिवाशी खेळ. या रस्त्यांवर तालुक्याच्या प्रत्येक गावाला पंप आहे.

मागची बॅग बांधल्यावर एकानं दहा पावलं मागं जाऊन बघावं आणि दुसऱ्यानं ब्रेक दाबावा. लाल दिवा, दोन्ही इंडिकेटर, नंबर प्लेट सगळं दिसलं पाहिजे. ग्रुपमध्ये मागचा माणूस पुढच्याच्या ब्रेकलाईटवरच चालवत असतो.

बाकीची लक्षणं, थोडक्यात

जळका वास येतो आणि गाडी ठीक आहे: उजवी बॅग सायलेन्सरला टेकतेय. लगेच थांबा. बाहेरचं कापड चांगलं दिसलं तरी आत रेनकोट वितळलेला असू शकतो, माझा झाला होता.

पावसात बॅग आतून भिजते: वरचं रेनकव्हर वेगात फुग्यासारखं फुगतं, शिवणीतून पाणी घेतं, कधी उडून मागच्याच्या अंगावर जातं. त्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि तोंड तीन वेळा गुंडाळून बांधा. कृषी सेवा केंद्रात मेणकापड मीटरवर मिळतं, त्याच्या पिशव्या शिवून घेतल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि बॅगेच्या आतल्या बाजूला लिंपला जातो. मुक्कामाला पोचल्यावर ओला असतानाच पाण्यानं उतरवा, वाळला की बकलमध्ये दगड होतो.

बॅगेला तेलाचा डाग: शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. धपाटे, दशम्या, चटणी हे सगळं वरच्या बॅगेत, सगळ्यात वर, स्टीलच्या घट्ट डब्यात. थांब्यावर तेच आधी लागतं, त्यासाठी खालची बांधणी सोडावी लागत नाही.

आता आमच्याकडं मोठ्या राईडच्या आधीच्या रविवारी सगळे पूर्ण सामान लादून दौलताबादच्या घाटातून खुलताबादपर्यंत जाऊन येतात. जाताना तीन थांबे मुद्दाम घेतो. प्रत्येक जण उतरतो, डबल स्टँड लावतो, पुन्हा बसतो. शीटवर खडूची रेघ असते. ती तिसऱ्या थांब्यालाही जागेवर असली की सामान तसंच बांधून पुढच्या शनिवारची वाट बघायची. हलली असेल तर अजून सहा दिवस हातात असतात.